औषधांना पडणारा खाडा आणि क्षयरोगाचे नियंत्रण

पायवाट

क्षयरोगाच्या उपचारातले एकच काम मी बरीच वर्षे केले. उपचारपत्रिकेवर रोज घेतलेल्या गोळ्यांची खूण होत असे. ज्या रुग्णाच्या पत्रिकेत ओळीने चौकटी रिकाम्या दिसू लागत, त्याच्या घरी जाऊन तो का थांबला हे समजून घेणे हे माझे काम होते. त्या अनुभवातून एक गोष्ट मला पक्की पटली आहे आणि तीच येथे चर्चेसाठी मांडते. औषधांना खाडा पडणे वाईटच, पण तो खाडा लपवला जाणे त्याहून घातक असते. आणि रुग्ण तो लपवतो की सांगतो, हे बहुतेक वेळा उपचार करणाऱ्यांच्या वागण्यावर ठरते.

ज्यांना या आजाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा प्रचलित उपचार सहा महिन्यांचा आहे. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे दिली जातात आणि पुढच्या चार महिन्यांत मुख्य भार आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोघांवर असतो. पहिल्या काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढू लागते. दोन महिन्यांनी बहुतेकांच्या थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसत नाहीत. म्हणजे बरे वाटणे आणि बरे होणे या दोन गोष्टींत जवळजवळ चार महिन्यांचे अंतर पडते, आणि मी ज्यांच्या दारात उभी राहिले त्यांतले पुष्कळ जण याच अंतरात थांबलेले होते. "आता मला काही होत नाही, मग गोळ्या कशाला?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की तो अडाणीपणाचा प्रश्न आहे असे मला आता वाटत नाही. डोके दुखायचे थांबल्यावर आपण कोणीही डोकेदुखीची गोळी घेत नाही. शरीराने आयुष्यभर शिकवलेला नियम या एका आजारात मोडायचा असतो, आणि तो का मोडायचा हे रुग्णाला पहिल्या दिवशी पाच मिनिटांत सांगून संपते.

बाकीची कारणेही असतात. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्यावर मळमळ होते आणि कामावर जाता येत नाही. रिफॅम्पिसिनमुळे लघवीचा रंग नारिंगी होतो. कोणी आधी सांगितले नसेल तर माणूस घाबरून औषध बंद करतो. काहींनी घरातल्या कोणालाच आजाराची कल्पना दिलेली नसते, त्यामुळे गोळ्या दडवून ठेवाव्या लागतात आणि दडवलेली वस्तू विसरली जाते. कोणी कामासाठी दुसरीकडे जातो आणि तिथल्या केंद्रात त्याची कागदपत्रे पोहोचलेली नसतात. कोणाला दारूचे व्यसन असते. कधी केंद्रातच औषधांचा साठा संपलेला असतो आणि "उद्या या" असे सांगितले जाते. हातावर पोट असणाऱ्या माणसाला तो "उद्या" परवडत नाही. एका ठिकाणी रांगेत उभ्या असलेल्या रुग्णाचा आजार कर्मचाऱ्याने सर्वांसमोर मोठ्याने उच्चारला होता. तो रुग्ण त्या दिवशी परत गेला तो पुन्हा आलाच नाही. पत्रिकेवर मात्र "रुग्णाने उपचार सोडले" एवढीच नोंद झाली.

या नोंदीच्या भाषेविषयी एक आठवण करून देते. इंग्रजीत अशा रुग्णांना पूर्वी "डिफॉल्टर" म्हटले जाई, आणि तोच शब्द कर्ज बुडवणाऱ्यांसाठीही वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली व्याख्या बदलताना तो शब्द काढून टाकला. आता सलग दोन महिने किंवा अधिक काळ उपचार खंडित झालेल्या रुग्णाविषयी "पाठपुराव्यातून सुटलेला" अशा अर्थाची संज्ञा वापरतात. संज्ञा बदलल्याने केंद्रातली वागणूक लगेच बदलली असे मी म्हणणार नाही, पण सुटणारा आणि ज्याच्या हातून सुटले तो, असे दोघेही त्या नव्या शब्दात आहेत.

आता नियंत्रणाचा भाग. २०२३ या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि सुमारे १२ लाख ५० हजार लोक त्यात दगावले. थुंकीत जंतू असलेल्या रुग्णाला काहीच उपचार मिळाले नाहीत, तर दहा वर्षांत अशा शंभरांतले सुमारे सत्तर जण मरण पावतात, असे औषधपूर्व काळातल्या नोंदींवरून दिसते. अर्धवट उपचाराने मृत्यू लांबतो, पण जंतू शरीरात राहतात. तो माणूस हिंडत-फिरत असतो, काम करतो, मुलांना जवळ घेतो आणि महिनोन्‌महिने खोकत राहतो. म्हणूनच मृत्यू कमी करणारा पण रुग्ण बरे न करणारा कार्यक्रम रोगाचा प्रसार थांबवू शकत नाही. तो समाजात दीर्घकाळ जंतू सोडणाऱ्या रुग्णांची संख्या वाढवतो.

आपापले अनुभव आणि मतभेद दोन्ही मांडावेत, अशी विनंती.

सूक्ष्मलोक

मी प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे रुग्ण माझ्यासमोर थुंकीच्या नमुन्याच्या रूपाने येतो. पायवाट यांनी माणसाच्या बाजूने मांडले आहे. मी जंतूच्या बाजूचे गणित मांडतो, कारण "एवढ्या गोळ्या आणि एवढे दिवस कशासाठी" याचे उत्तर त्या गणितात आहे.

फुप्फुसात पोकळी झाली असेल तर तिथे दहा कोटींच्या घरात जंतू असू शकतात. क्षयरोगाच्या जंतूमध्ये आपोआप होणाऱ्या जनुकीय बदलांमुळे साधारण दहा लाखांत एखादा जंतू आयसोनियाझिडला आणि दहा कोटींत एखादा रिफॅम्पिसिनला जन्मतःच दाद देत नाही. म्हणजे औषध सुरू होण्यापूर्वीच त्या पोकळीत प्रत्येक औषधाला न जुमानणारे काही जंतू बसलेले असतात. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि हे उरतात, वाढतात, आणि काही महिन्यांनी सगळे जंतू त्यांचेच वंशज असतात. दोन्ही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू मात्र आपोआप निर्माण होण्याची शक्यता इतकी क्षीण आहे की एका माणसाच्या शरीरातल्या जंतूंची संख्या त्यासाठी पुरत नाही. एकत्रित उपचाराचा पाया हा आहे.

हे ज्ञान फार महागात मिळाले आहे. १९४८ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी प्रसिद्ध केली, तीत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी पहिल्या सहा महिन्यांत ४ जण दगावले आणि केवळ विश्रांती मिळालेल्या ५२ जणांपैकी १४. यश डोळ्यांत भरणारे होते. पण पाच वर्षांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्या गटातले ३५ जण मरण पावले होते, कारण स्ट्रेप्टोमायसिन एकटे होते आणि बहुतेकांच्या जंतूंनी त्याला जुमानणे सोडून दिले होते. त्यानंतर "पास" नावाचे दुसरे औषध सोबत दिल्यावर प्रतिरोध, म्हणजे जंतूंनी औषधाला दाद न देणे, रोखता येतो हे सिद्ध झाले आणि १९५२ पासून आयसोनियाझिडही हाती आले.

दुसरा प्रश्न कालावधीचा. सगळे जंतू एकाच गतीने वाढत नाहीत. भराभर वाढणारे जंतू आयसोनियाझिड पहिल्या काही दिवसांतच मारते, आणि रुग्णाला बरे वाटते ते त्यामुळेच. आम्लयुक्त जागेत दबून राहिलेल्यांवर पायराझिनामाइड काम करते. काही जंतू जवळजवळ निद्रिस्त असतात आणि अधूनमधून थोडा वेळ जागे होतात; त्या थोड्या वेळात त्यांना गाठण्याचे काम रिफॅम्पिसिन करते. जंतू केव्हा जागा होईल हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून औषध रोज हजर असावे लागते. शेवटच्या चार महिन्यांतल्या गोळ्या या निद्रिस्त जंतूंसाठी असतात. त्या काळात रुग्णाला कोणतेही लक्षण जाणवत नसते, आणि म्हणूनच त्या गोळ्या त्याला निरर्थक वाटतात.

खाडा पडला की काय होते? औषधांची रक्तातली पातळी उतरते आणि उरलेले जंतू पुन्हा वाढू लागतात. पुन्हा गोळ्या सुरू झाल्या की दाद देणारे जंतू अधिक मरतात. पुन्हा खाडा, पुन्हा वाढ. अशा प्रत्येक फेरीत दाद न देणाऱ्यांचे प्रमाण थोडे थोडे वाढत जाते. लंडनचे जंतुशास्त्रज्ञ डेनिस मिचिसन यांनी ही प्रक्रिया तपशीलवार मांडली आहे. रुग्णाने दिलेल्या औषधांतली एखादीच गोळी घ्यायची आणि त्रास होणारी वगळायची असे केले तर धोका सर्वाधिक असतो, कारण तो नकळत १९४८ च्या चाचणीकडे परत जातो. सर्व औषधे एकाच गोळीत एकत्र करून देण्यामागे हे मोठे कारण आहे.

तरीही एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रतिरोध आला म्हणजे रुग्णाने नक्कीच गोळ्या चुकवल्या असणार, असा निष्कर्ष काढता येत नाही. एकाच मात्रेतून वेगवेगळ्या माणसांच्या रक्तात औषधाची वेगवेगळी पातळी तयार होते. पचन, इतर आजार, वजनाच्या मानाने कमी पडलेली मात्रा यांचाही त्यात वाटा असतो. शिवाय आज प्रतिरोधी क्षयरोग झालेल्या पुष्कळ लोकांनी पूर्वी क्षयरोगाची एकही गोळी घेतलेली नसते. त्यांना प्रतिरोधी जंतूच दुसऱ्याकडून मिळालेला असतो. २०२३ च्या अंदाजानुसार नव्या रुग्णांपैकी सुमारे ३.२ टक्के आणि पूर्वी उपचार झालेल्यांपैकी सुमारे १६ टक्के जणांत रिफॅम्पिसिनला प्रतिरोध होता. दुसऱ्या गटातले प्रमाण मोठे असले तरी नव्या रुग्णांची एकूण संख्याच इतकी मोठी आहे की पहिल्या गटाकडे दुर्लक्ष करून चालत नाही.



स्पष्टमत

दोन्ही प्रतिसाद मन लावून वाचले. पायवाट यांच्या सहानुभूतीचा मला आदर आहे, पण मला वाटते की चर्चेत एक माणूस अनुपस्थित आहे. तो म्हणजे खाडा पाडणाऱ्या रुग्णाशेजारी बसून प्रवास करणारा किंवा त्याच्याच घरात झोपणारा. सूक्ष्मलोक यांनीच सांगितले की ज्याने कधी गोळी घेतली नाही अशा माणसाला प्रतिरोधी आजार होतो. त्याने कोणता अपराध केला आहे? औषध मोफत मिळत असताना, सगळे समजावून सांगितलेले असताना, एखादा प्रौढ माणूस वारंवार उपचार सोडतो आणि त्याची किंमत त्याच्या घरातले लहान मूल मोजते. अशा वेळी समाजाला सक्ती करण्याचा अधिकार असलाच पाहिजे. न्यूयॉर्कने १९९३ मध्ये नियमांत बदल करून उपचार पूर्ण होईपर्यंत रुग्णाला रुग्णालयात अडकवून ठेवण्याची तरतूद केली आणि तिथली साथ आटोक्यात आली, हे वास्तव आहे. सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी घेणाऱ्यांनी कठोर निर्णयांना घाबरू नये, असे माझे मत आहे.

पायवाट

स्पष्टमत, तुम्ही ज्या अनुपस्थित माणसाचा उल्लेख केलात त्याच्यासाठीच आपण सगळे हे काम करतो, त्यामुळे तुमचा मुद्दा मी बाजूला सारत नाही. पण न्यूयॉर्कचे उदाहरण पूर्ण पाहू.

तिथे सत्तरच्या दशकापासून क्षयरोगाच्या सेवांचा निधी कापला गेला. त्यानंतर बेघरपणा, व्यसने आणि एचआयव्ही यांची भर पडली. १९८८ साली हार्लेममधल्या एका रुग्णालयातून घरी सोडलेल्या १७८ क्षयरुग्णांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा त्यांतल्या ८९ टक्के जणांचा उपचार पुढे पूर्ण झालेला नव्हता. शंभरांतले नव्वद जण जिथे गळतात, तिथे दोष नव्वद स्वभावांचा नसतो. १९९२ मध्ये शहरात ३,८११ रुग्णांची नोंद झाली. त्यानंतर जे बदलले त्यात अडकवून ठेवण्याची तरतूद होती, हे खरे आहे. पण ती अगदी थोड्या रुग्णांवर वापरावी लागली. बहुसंख्य रुग्णांचे उपचार पूर्ण झाले ते कर्मचारी त्यांच्यापर्यंत जाऊ लागले म्हणून: निवाऱ्यांत, रस्त्याच्या कोपऱ्यावर, कामाच्या ठिकाणी. सोबत प्रवासखर्च आणि जेवणाची सोय दिली गेली आणि प्रयोगशाळांचे अहवाल लवकर येऊ लागले. पैसा परत आला, माणसे परत आली, आणि रुग्णसंख्या उतरू लागली.

सक्तीला माझा सर्वात मोठा आक्षेप व्यवहारातला आहे. पकडले जाण्याची भीती असलेला माणूस केंद्रात येऊन "माझे दहा दिवस राहिले" असे कधीच सांगणार नाही. तो गोळ्या घेतल्याचे भासवेल, रिकामी पाकिटे दाखवेल, पत्ता बदलेल. मी ज्या घरांत गेले तिथे गोळ्यांनी भरलेले डबे गादीखाली सापडले आहेत, आणि त्याच रुग्णांच्या पत्रिका मात्र खुणांनी पूर्ण भरलेल्या होत्या.

रुग्णाने गोळ्या खरोखर घेतल्या का, हा प्रश्न नवा नाही. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले आणि वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली तिथे एक मूलभूत तुलना झाली. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवून आणि काहींना त्यांच्या गर्दीच्या, गरीब घरांतच ठेवून एक वर्ष आयसोनियाझिड आणि पास देण्यात आले. आरोग्यधामातल्यांना आहार चांगला होता, विश्रांती भरपूर होती. तरीही १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांचे यश जवळजवळ सारखे होते, आणि घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना आजार अधिक झाला असेही दिसले नाही. जगभरातली आरोग्यधामे पुढे बंद होत गेली, त्यात या निष्कर्षाचा मोठा वाटा आहे. पण त्याच केंद्राने हेही पाहिले की घरी गोळ्या दिल्या की त्या पोटात जातातच असे नाही. ते अचानक घरी जाऊन गोळ्या मोजत आणि लघवी तपासत. देखरेखीखाली औषध देण्याची कल्पना या अनुभवातून घडली. पुढे कारेल स्टिब्लो यांनी टांझानियात प्रत्येक तिमाहीत नोंदलेल्या सर्व रुग्णांचे शेवटी काय झाले याचा हिशोब देण्याची पद्धत बसवली, आणि नव्वदच्या दशकात या सगळ्यातून डॉट्स, म्हणजे देखरेखीखाली औषध आणि प्रत्येक रुग्णाचा हिशोब यांवर उभा असलेला कार्यक्रम, उभे राहिले.

डॉट्समधला माझ्या दृष्टीने सर्वात मौल्यवान भाग हा हिशोब आहे, गोळी गिळताना पाहणे नव्हे. हे ऐकून माझ्याच काही सहकाऱ्यांना वाईट वाटेल. पण देखरेखीखाली घेतलेले औषध आणि रुग्णाने स्वतः घेतलेले औषध यांची यादृच्छिक चाचण्यांत जेव्हा तुलना झाली, तेव्हा निव्वळ पाहण्यामुळे बरे होण्याचे प्रमाण वाढते असे सातत्याने दिसले नाही. पाहणाऱ्या माणसाने विचारपूस केली, त्रास ऐकला, अडचण सोडवली, तर फरक पडतो. इंग्लंडमध्ये मोबाइलवर स्वतःचे चित्रण पाठवण्याची मुभा दिली तेव्हा, रोज केंद्रात येण्यापेक्षा ते रुग्णांना कितीतरी अधिक काळ जमले, असे २०१९ च्या चाचणीत आढळले. कारण साधे आहे: त्यांचा दिवस वाया जात नव्हता.

मोरपीस

मी या धाग्यावर लिहू की नको याचा दोन दिवस विचार केला. मी तो रुग्ण आहे.

पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यात मी गोळ्या सोडल्या. मला नोकरी नुकतीच लागली होती आणि केंद्राची वेळ आणि माझ्या कामाची वेळ एकच होती. एक दिवस गेलो नाही. दुसऱ्या दिवशी "काल का आला नाहीत" असे विचारतील म्हणून गेलो नाही. तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचा जाब द्यावा लागेल म्हणून गेलो नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे पोरकट वाटेल, पण खाडा असाच वाढतो. एका दिवसाची लाज दुसऱ्या दिवसाला पुरते. मला कोणी भेटायला आले नाही, आणि खरे सांगायचे तर मी दिलेला पत्ताही जुना होता, कारण नव्या घरमालकाला आजार कळू नये असे मला वाटत होते.

वर्षभराने खोकला परत आला. पुन्हा तपासणी झाली तेव्हा "पूर्वी कधी उपचार घेतले होते का?" या प्रश्नाला मी "नाही" असे उत्तर दिले. या एका उत्तराची किंमत मी आजही मोजतो आहे. नव्या रुग्णाचाच उपचार सुरू झाला, तो लागू पडला नाही, आणि प्रतिरोधाची तपासणी होईपर्यंत आणखी महिने गेले. त्या काळात माझ्या धाकट्या बहिणीला लागण झाली. पुढचे उपचार दीड वर्षाहून अधिक चालले. त्यात कित्येक महिने रोज इंजेक्शन होते आणि त्याने माझ्या डाव्या कानाची ऐकण्याची शक्ती बरीच गेली. बहीण बरी झाली. तिने मला एकदाही बोल लावला नाही, आणि ते सहन करणे सोपे नव्हते.

स्पष्टमत, तुम्ही ज्या घरातल्या मुलाविषयी लिहिलेत ते मूल माझ्या घरात होते, म्हणून तुमच्या शब्दांचा मला राग आला नाही. पण मला डांबून ठेवण्याची धमकी असती तर मी "नाही" हेच उत्तर आणखी ठामपणे दिले असते. दुसऱ्या उपचाराच्या वेळी मला भेटलेल्या परिचारिकेने पहिल्याच दिवशी सांगितले होते: "गोळ्या चुकतील. सगळ्यांच्या चुकतात. चुकल्या की त्याच दिवशी मला फोन करायचा." माझ्या गोळ्या चार वेळा चुकल्या आणि चारही वेळा मी फोन केला.

सूक्ष्मलोक

मोरपीस, तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. तुमच्यासारख्यांना जी इंजेक्शने घ्यावी लागली त्यांतली कॅनामायसिन आणि कॅप्रिओमायसिन ही आता जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींतून वगळली गेली आहेत. २०२२ पासून बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांचा सहा महिन्यांचा, पूर्णपणे तोंडाने घेण्याचा उपचार प्रतिरोधी क्षयरोगाच्या पुष्कळशा रुग्णांना देता येतो. प्रतिरोधी रुग्णांतले यश बराच काळ पन्नास-साठ टक्क्यांत अडकले होते. २०२१ मध्ये उपचार सुरू केलेल्यांत ते ६८ टक्क्यांवर आले. साध्या क्षयरोगात हे प्रमाण ८८ टक्के आहे. उपचार लहान आणि सुसह्य झाला की खाडे कमी होतात, हे सांगायला वेगळ्या सिद्धान्ताची गरज नाही.

शिंपला

मला सल्ला हवा आहे. माझ्या काकांचा उपचार सुरू होऊन सहा आठवडे झाले. पण आज कळले की गेले अठरा दिवस त्यांनी एकही गोळी घेतलेली नाही. मळमळ आणि भूक न लागणे यामुळे त्यांनी बंद केल्या आणि आम्हा कोणाला सांगितले नाही. उद्यापासून मी स्वतः उभा राहून गोळ्या देणार आहे. राहिलेल्या गोळ्या थोड्या थोड्या वाढवून भरून काढाव्यात का?

सूक्ष्मलोक

वाढवून मुळीच देऊ नका. त्याने यकृतावरचा भार वाढेल आणि चुकलेले दिवस भरून निघणार नाहीत. घरच्या घरी पुन्हा सुरूही करू नका; आधी केंद्रात न्या. मळमळ आणि भूक मंदावणे ही पोटाची साधी तक्रार असू शकते, तशीच ती यकृताला सूज आल्याची पहिली खूणही असू शकते. डोळे किंवा लघवी पिवळी-गडद दिसते का, पोटात उजव्या बाजूला दुखते का, हे पाहा आणि तसे असेल तर उद्याची वाट पाहू नका. यकृताची रक्ततपासणी झाल्याशिवाय कोणती औषधे सुरू ठेवायची हे ठरवता येत नाही.

सुरुवातीच्या दोन महिन्यांत चौदा दिवस किंवा त्याहून अधिक खंड पडला तर बहुधा उपचार पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजतात. खंड कमी असेल तर राहिलेले दिवस पुढे पूर्ण करून घेतात. तुमच्या काकांचा खंड अठरा दिवसांचा आहे, त्यामुळे डॉक्टर थुंकी पुन्हा तपासतील आणि रिफॅम्पिसिनच्या प्रतिरोधाची जलद चाचणी करतील अशी शक्यता आहे. म्हणूनच आकडा खरा सांगणे अत्यंत महत्त्वाचे आहे. "मधले चार-पाच दिवस राहिले" असे सांगितले तर निर्णय चुकेल.

पायवाट

आणि शिंपला, काकांना आज रात्री काही बोलू नका. "आम्हाला का सांगितले नाही" हा प्रश्न तर विचारूच नका. मळमळ कधी सुरू झाली, गोळ्यांनंतर किती वेळाने होते, रात्री झोपताना घेतल्या तर बरे वाटते का, एवढेच विचारा. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर त्याचीही तपासणी करून घ्या. प्रतिबंधक औषधाविषयी केंद्रातच विचारता येईल.

स्पष्टमत

मोरपीस यांच्या प्रतिसादानंतर माझे मत मी पुन्हा तपासले. सक्तीची तरतूद अगदी शेवटचा उपाय म्हणून असावी, हे मी अजूनही मानतो. पण ज्या केंद्राची वेळ रुग्णाच्या कामाच्या वेळेवरच येते, त्या केंद्राला सक्तीचा अधिकार देण्याआधी वेळ बदलायला सांगितले पाहिजे, हे मला मान्य आहे. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांवरून जागतिक आरोग्य संघटनेने असे म्हटले आहे की क्षयरोग झालेल्या साधारण निम्म्या कुटुंबांचा आजारापायी झालेला खर्च आणि बुडालेली कमाई मिळून वार्षिक उत्पन्नाच्या वीस टक्क्यांहून अधिक होते. गोळी मोफत असली तरी उपचार मोफत नसतो, हे मी लक्षात घेतले नव्हते.

शिंपला

आज सकाळी काकांना घेऊन गेलो होतो. जाताना त्यांनी वाटेत दोनदा विचारले की किती दिवस सांगायचे, आणि मी दोन्ही वेळा अठरा म्हणालो. डॉक्टरांनी विचारल्यावर त्यांनी स्वतःच सांगितले, आणि खरा आकडा एकवीस निघाला. यकृताची तपासणी आणि थुंकीची जलद चाचणी दोन्हींसाठी नमुने दिले आहेत. अहवाल येईपर्यंत गोळ्या थांबवायला सांगितल्या आहेत आणि परवा पुन्हा बोलावले आहे. तिथल्या ताईंनी केंद्राचा फोन क्रमांक त्यांच्या पत्रिकेवर मोठ्या अक्षरात लिहून दिला. घरी आल्यावर काकांनी ती पत्रिका कपाटातून काढून भिंतीवरच्या दिनदर्शिकेला टाचून ठेवली आहे.